चष्मेदारांचे संकेतस्थळ मोबाइलात मावले, त्याची हकीकत

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमचा चष्मा फुटला आहे. ज्यास चष्मा नसेल त्याने शेजारच्याचा फुटला असे समजावे. सारे जग दूध सांडल्यासारखे धूसर झाले आहे, हाती फोन आहे, आणि नवा चष्मा कोठे मिळेल ते त्या फोनात शोधायचे आहे. एक पान उघडले, तो आत मुंग्यांएवढ्या अक्षरांची फौज! झाली कल्पना? ती तशीच जपून ठेवा, कारण पुढील मोहिमेत मोठमोठ्या मुत्सद्द्यांना नेमकी हीच गोष्ट पुष्कळ दिवस सुचली नाही. आता डोळे उघडा आणि सावध चित्ते श्रवण करा.

दवाखाना आणि शिंप्याचे दुकान यांच्या मधोमध, तीन पायऱ्या चढून, श्रीमंत आजोबासाहेब चष्मेदार, काचबहाद्दर, नाकांचे जाणकार, यांचे राज्य होते. लांबी अकरा पावले, रुंदी चार. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्यासमोर गोल फिरणारे स्टूल, कोपऱ्यात काचा घासायचे यंत्र, आणि दारावर पितळी घंटा. घंटा वाजली की सरकार स्वतः उठत, गिऱ्हाइकास स्टुलावर बसवीत, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवीत आणि म्हणत, "घाई नाही. दिसतं तेवढंच सांगा." ज्यास पहिली ओळही दिसेना त्याची मान खाली जाऊ नये, म्हणून हे वाक्य ते फार हळू म्हणत. चाळीस वर्षे हा रिवाज मोडला नव्हता.

सरकारांची नात, वय वर्षे नऊ, शाळा सुटली की त्या स्टुलावर गरगर फिरे, म्हणून तिला सारे भिंगरी म्हणत. सरकारांची कन्या, म्हणजे भिंगरीची आत्या, संगणकाच्या कामात तरबेज. तिने बारा वर्षांपूर्वी, कॉलेजात असता, वडिलांच्या हुकुमावरून दुकानाचे संकेतस्थळ बांधले होते. हुकूम करडा होता. पानावर तीन रकाने असावेत, आणि त्यांत फ्रेमांच्या एकशे चार तऱ्हा, दुकानाचा इतिहास, सर्व प्रशस्तिपत्रे आणि वर्धापनदिनाचा समूह फोटो यांस जागा द्यावी, आणि माथ्यावर एक लाल ओळ सतत धावत असावी, आणि अक्षरे, हे मुख्य, अक्षरे बारीक असावीत.

"बारीक कशाला, बाबा?" आत्याने तेव्हा विचारले होते.

"अगं, ज्याला वाचता येणार नाही त्याला चष्मा लागलाय. आणि लागलाय म्हटल्यावर तो जाणार कुठे? आपल्याकडेच!"

हा सिद्धान्त सरकारांना इतका आवडला, की पुढे कित्येक वर्षे पाहुण्यांना चहाबरोबर तोच मिळे.

आता, मुलांनो, शोधयंत्र म्हणून एक अफाट दरबार आहे. कोणी 'चष्मा' म्हणून अर्जी केली की तो दरबार दुकानांना ओळीने उभे करतो, आणि जो पुढे उभा, त्याच्याकडे लोक जातात. पूर्वी लोक मोठ्या पडद्यावरून अर्जी करीत. मग काळ फिरला, आणि लोक रांगेत, जिन्यात, चालता-चालता, फोनवरूनच विचारू लागले. तेव्हा दरबाराने कायदा केला, की यापुढे प्रत्येक संकेतस्थळ आम्ही प्रथम फोनच्या नजरेने पाहू, आणि जे तेथे चटकन उघडेल, सुखाने वाचता येईल, बोटाने नीट दाबता येईल, त्यास पुढची जागा देऊ. हा कायदा तीन पायऱ्या चढून चष्मेदारांपर्यंत पोचला नाही. ते दरबाराच्या यादीत पहिल्या पानावरून ढळले, आणि मग दुसऱ्यावर आले, आणि मग थेट तिसऱ्यावर जाऊन पडले. तिसऱ्या पानावर कधी कोणी गेला आहे? तुम्ही गेला आहात? मग झाले तर.

रस्त्यापलीकडचे काचेच्या दारांचे दुकान, ज्यास भिंगरी 'झगमगवाले' म्हणे, ते पहिल्या पानावर विराजमान झाले. इकडे घंटा मुकी झाली. जुनी गिऱ्हाइके म्हातारी होत चालली आणि नवे तोंड दिसेना. अखेर एका सोमवारी सरकारांनी फर्मान काढले, की येत्या तीस दिवसांत एकही नवे गिऱ्हाईक आपण होऊन दारी न आल्यास शटर कायमचे खाली येईल, आणि काचा घासायचे यंत्र झगमगवाल्यांच्या हवाली होईल.

"आणि स्टूल?" भिंगरीने विचारले.

"तेही."

भिंगरी फिरता-फिरता थांबली. असे यापूर्वी कधी झाले नव्हते.

तातडीने मसलत बसली. आत्या म्हणाली, "बाबा, एकदा फोनवर उघडून बघा तरी."

"मी रोज बघतो. छान दिसतं." आणि सरकारांनी दुकानातल्या मोठ्या पडद्यापुढे बसून, डोळ्याला घड्याळजींसारखे भिंग लावून, ओळ न् ओळ वाचून दाखवली.

"भिंग लावून कोण वाचतं, बाबा?"

"मी वाचतो."

या उत्तरापुढे मसलत खुंटली. शेवटी तह झाला. आत्याने संकेतस्थळ फोनात बसवावे, पण एक अक्षरही गाळू नये.

पहिली चढाई सुरू झाली. आत्याने तीन रकाने, एकशे चार तऱ्हा, इतिहास आणि लाल ओळ, सारे आवळून फोनच्या रुंदीत कोंबले. फौज मावली खरी, पण शिपाई मुंगीएवढे होते ते धुळीचे कण झाले. संकेतस्थळ फोनाजोगे आहे की नाही हे जोखणारे एक यंत्र असते. त्याच्यापुढे पान नेताच त्याने तीन दोष तोंडावर फेकले. अक्षरे वाचवत नाहीत, बटणे एकमेकांना चिकटली आहेत, आणि चित्रे इतकी जड की पान उघडेपर्यंत माणसाने चालत दुकानी यावे. यातले शेवटचे वाक्य आत्याच्या पदरचे होते, पण अर्थ तोच. सरकारांनी स्वतः फोन घेऊन दुकानाचा नंबर लावण्यास अंगठा टेकवला, तो वर्धापनदिनाचा समूह फोटो उघडला. पुन्हा टेकवला, पुन्हा समूह फोटो.

"यात शिंपीकाका किती बारीक होते, नाही?" सरकार म्हणाले, आणि पराभवाचा विषय बदलला.

अकरा दिवस असे गेले. आत्या म्हणे, मजकूर कापा. सरकार म्हणत, माझी चाळीस वर्षे कापू? दोघेही हट्टी, एकाच साच्यातले. जेवताना मीठसुद्धा दोघे भिंगरीमार्फत मागू लागले. बोलणी तुटली ऐसे समजावे.

बाराव्या दिवशी भिंगरी दुकानी आली, दप्तर ठेवले, आणि स्टुलावर न बसता शेजारी उभी राहिली.

"आजोबा, बसा."

"मी?"

"हो. आज मी तपासणार."

सरकार हसत बसले. नात खेळते आहे, खेळू द्यावे. मग भिंगरीने हात पुढे करून त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला.

"अगं, तो कशाला काढतेस?"

"तुमचा चष्मा फुटलाय. रस्त्यात. आता दुकान शोधा." आणि तिने त्यांच्या हाती फोन दिला. त्यात त्यांचेच संकेतस्थळ उघडे होते.

सरकारांनी फोन जवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. भिंगासाठी हात टेबलाकडे गेला, तर भिंगरीने भिंग पाठीमागे लपवले.

"रस्त्यात भिंग नसतं, आजोबा."

"हे... पत्ता असेल. नाही, फ्रेमा. की..."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. पहिली ओळही न दिसणाऱ्या माणसास काय वाटते, ते त्यांनी चाळीस वर्षे स्टुलाशेजारी उभे राहून पाहिले होते. स्टुलावर बसून आज प्रथम कळले.

आणि भिंगरी फार हळू म्हणाली, "घाई नाही. दिसतं तेवढंच सांगा."

"काहीच दिसत नाही गं," सरकार म्हणाले.

चष्मा शोधणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर चष्मा नसतो! एवढी गोष्ट. सरकारांनी उठून आत्यास हाक मारली आणि आपला बारा वर्षांचा सिद्धान्त त्याच जागी मागे घेतला.

"काप," ते म्हणाले. "नाक ओढून ताणून चष्म्यात बसवतो का आपण? चष्मा नाकाला बसवतो. मग हे पानही फोनाला बसव."

"हेच मी अकरा दिवस सांगतेय ना, बाबा!"

"तू नाकाचं उदाहरण कुठे दिलं होतंस?"

दुसरी चढाई सुरू झाली, आणि तिच्यात सरकार स्वतः आघाडीस होते. तीन रकान्यांचा एक केला, आणि तो ऐसा, की पडदा लहान असो वा मोठा, पान आपण होऊन त्याच्या मापाने पसरे किंवा आकसे, बाजूला सरकवावे लागेना. अक्षरे टपोरी केली. चित्रे हलकी केली. एकशे चार तऱ्हांतून बारा निवडल्या, आणि निवडताना सरकारांनी प्रत्येक वगळलेल्या फ्रेमेकडे असे पाहिले, की जणू लेक सासरी निघाली. लाल ओळीस निरोप दिला. फोन लावायचे बटण केवढे असावे यावर खल झाला, तेव्हा भिंगरीने आजोबांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला. चाळीस वर्षे काचा पुसून तो घरात सर्वांत रुंद झाला होता. त्याच मापाचे बटण झाले, आणि भोवती मोकळी जागा सोडली. सरकारांनी दाबले. कोपऱ्यातला दुकानाचा फोन खणखणला. तिघांनी तो वाजू दिला, कोणी उचलेना, इतका तो आवाज गोड लागला.

समूह फोटो मात्र पानाच्या अगदी तळाशी राहिला. ही नव्या तहातील अट.

पान जोखणी-यंत्रात उत्तीर्ण झाले, पण दरबार मोठा, तेथे लगेच सुनावणी होत नाही. एक आठवडा ते तिसऱ्या पानावरच होते. मग दुसऱ्यावर आले. सत्ताविसाव्या दिवशी पहिल्या पानाच्या तळाशी दिसले आणि आत्याने सरकारांचा हात दाबला, पण घंटा मुकीच होती. एकोणतिसाव्या दिवशी सरकार शटरच्या कुलपाला तेल घालत बसले.

तिसाव्या दिवशी, टळटळीत दुपारी, घंटा वाजली.

दारात टपाल वाटणाऱ्या बाई उभ्या होत्या. खांद्याला पत्रांची पिशवी, एका हातात दोन तुकडे झालेला चष्मा, दुसऱ्या हातात नाकाला टेकवलेला फोन.

"चष्म्याचं दुकान हेच का हो? बसमध्ये स्वतःच्याच चष्म्यावर बसले. पत्ते वाचता येईनात, दोन घरी उलटसुलट पत्रं टाकून आलेय."

"या, बसा," सरकार म्हणाले. "समोरच्यांकडे नाही गेलात?"

"त्यांचं पान वाचायलाच आलं नाही. बाहुल्या नाचतायत नुसत्या. तुमची अक्षरं दिसली. आणि ते बटण. मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठीच केलंय."

सरकारांनी भिंगरीकडे पाहिले. त्यांनी जड फ्रेम बाईंच्या नाकावर चढवली, नंबर काढला, काचा घासल्या, आणि तासाभरात बाई पत्ते वाचत पायऱ्या उतरून गेल्या.

येणेप्रमाणे श्रीमंत आजोबासाहेब चष्मेदार यांनी तीस दिवसांत, दोन चढाया करून, तिसऱ्या पानावरून पहिल्या पानावर, नवव्या स्थानी, आपले निशाण रोवले. बक्षिसादाखल लाल ओळ कागदावर छापून भिंतीस लावली, ती आता धावत नाही. यंत्र जागी राहिले, स्टूल जागी राहिले, शटरचे तेल वाया गेले. मोहीम फत्ते झाली, हे येथे नमूद केले असे.

सरकार ही तारीख वहीत लिहू लागले. लिहिता-लिहिता त्यांनी वही लांब धरली, मग जवळ आणली, मग सवयीने भिंग शोधू लागले. चष्मा तर नाकावरच होता.

भिंगरी हे सारे पाहत होती. ती स्टुलावरून उतरली, स्टूल आजोबांपाशी ओढत आणले, आणि तपासणीची जड फ्रेम दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे धरली.