मनवर मॅडमची कंबर

सोमवारी सकाळी सव्वादहाला ममता मनवरने ऑफिसात फोन लावला आणि जमेल तितक्या बारीक आवाजात सांगितलं, “साहेब, कंबर धरली. उठता-बसता येत नाही. आठ दिवस रजा पाहिजे होती.” हे सांगताना ती कळंबच्या कापसाच्या जिनिंग मिलमागच्या मैदानात ताठ उभी होती. डोक्यात हेल्मेट होतं आणि समोर अंगणवाडीतली मदतनीस जमनी स्कूटीवर गोल गोल फिरत ओरडत होती, “अवं बाई, आता हे थांबवू कशी?”

“कोण ओरडतंय तिकडे?” साहेबांनी विचारलं.

“टीव्ही आहे, साहेब,” म्हणत ममताने फोन कापला आणि ती जमनीमागे धावली.

चौदा वर्षं ममता एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसत होती. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर नंबर टाकायचा. तिच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. फक्त संध्याकाळी घरी आल्यावर आज आपण काय केलं, हे तिला काही केल्या आठवत नसे. रविवारचं मात्र सगळं आठवायचं. दर रविवारी ती ओळखीच्या बायांना स्कूटी शिकवायची. कोणती बाई कुठे पडली, कोण रडली, आणि कोण एकटी चिंतामणीच्या देवळापर्यंत जाऊन हॉर्न वाजवत परत आली, हे ती आठवडाभर सांगत राहायची. मग आसपासच्या गावांतल्या बाया विचारायला लागल्या आणि नोकरी सोडून क्लासच काढावा, असं तिच्या मनाने घेतलं.

नवरा धर्मपाल शेती बघायचा. त्याने दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, “नवं बियाणं आपण आधी अर्ध्या एकरातच पेरून पाह्यतो ना? तूही आठ दिवस करून पाह्य. जमलं त सोड. पण मायले सांगू नको.”

माय म्हणजे तुळसाबाई. आपली सून सरकारीत आहे, हे बसस्टँडवरच्या अनोळखी बाईलाही त्यांच्याकडून पाच मिनिटांत कळायचं. तेव्हा ममता रोजच्यासारखा डबा घेऊन निघू लागली. घरच्यांना वाटायचं ती ऑफिसात आहे आणि ऑफिसला वाटायचं ती घरी अंथरुणावर आहे.

सोमवार-मंगळवार झकास गेले. बुधवारी वर्षाताई नावाची एक नवी बाई आली. धीट होती, तासाभरातच तोल सांभाळायला लागली. घाम पुसत म्हणाली, “दोन महिने झाले आम्हाला नागपूरहून येऊन. आमच्या सोनटक्के साहेबांना कुठं न्या म्हटलं की ड्रायव्हर नाही म्हणतात. तुमचं नाव काय हो?”

सोनटक्के साहेब म्हणजे ज्यांना सोमवारी कंबर धरल्याचं सांगितलं, तेच. ममताने हेल्मेटची काच खाली ओढली.

“प्रेरणा,” ती म्हणाली.

त्याच दुपारी ऑफिसचा शिपाई हरिसिंग घरी आला. घरात तुळसाबाई एकट्याच होत्या.

“साहेब म्हणते दाखला लागते डॉक्टरचा. मॅडमची कंबर कशी हाये आता?”

“कंबर? कोणाची कंबर?”

“मॅडमची. सोमवारपासून रजेवर हाये न त्या. उठता येत नाही म्हणते.”

तुळसाबाई मटकन खाली बसल्या. सून तर रोज डबा घेऊन जाते! मग जाते कोठी? विचार करता करता त्यांना उलगडा झाला आणि डोळे भरून आले. “घरच्याले तरास नको म्हून पोरगी एकटी दवाखान्यात जाऊन राह्यली, रे हरिसिंग! डब्बा घेऊन जाते, म्हंजे आम्हाले समजू नये!” हरिसिंगने ऑफिसात जाऊन सगळं साहेबांना सांगितलं.

गुरुवारी सकाळी ममता डबा भरायला गेली, तर तुळसाबाईंनी तिचा हात धरून तिला सरळ अंथरुणावर नेलं. निरगुडीचा पाला, तेल आणि फडक्यात गुंडाळलेली गरम वीट तयारच होती.

“आई, मले काही झालं नाही.”

“चूप! मले सगळं समजलं. पालथी पड.”

ममताने नवऱ्याकडे पाहिलं. धर्मपाल भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत होता. ती पालथी पडली. उशीखाली फोन थरथरत होता. मैदानात चार बाया वाट बघत होत्या.

अकरा वाजता दारात साहेब उभे राहिले. हातात सफरचंदं, मागे हरिसिंग. “झोपून राहा, मॅडम,” साहेब हळव्या आवाजात म्हणाले. “दाखल्याचं मी उगीच म्हणालो. मला कल्पना नव्हती.”

ममताला बोलावंसं वाटलं, पण तोंड उशीत होतं. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला, दोनदा, ठसक्यात. पाठोपाठ वर्षाताई हेल्मेटसकट आत आल्या.

“मैदानात नाही दिसल्या म्हणून जमनीला घर विचारलं. प्रेरणाबाई, मी एकटी आले चालवत! अख्ख्या बाजारातून!” मग त्यांना खुर्चीवरचा नवरा दिसला. “तुम्ही इथं कसे?”

“तू इथं कशी? आणि या मनवर मॅडम आहेत.”

“अन् प्रेरणा कोण होय?” तुळसाबाईंनी विचारलं.

ममता एकदम उठून बसली. वीट घरंगळत साहेबांच्या बुटाला जाऊन लागली. कंबर ठणठणीत असल्याचा याहून मोठा दाखला कोणता डॉक्टर देणार? मग तिने सगळं सांगून टाकलं.

“आई, मी खोटं बोलली, ते चुकलं. पण चौदा वर्षं मी कागद आला, कागद गेला, इतलंच लिहिलं. या तीन दिवसांत तीन बाया एकट्या घरी गेल्या गाडीवर. माह्यामुळं. मले हेच करावंसं वाटते.”

साहेब खाकरले. “रजा खोटी आहे. मला कारवाई करावी लागेल.” वर्षाताईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. “...किंवा अर्जित रजेचा अर्ज द्या,” साहेब म्हणाले. “पण मॅडम, पक्की नोकरी कोणी सोडतं का?”

तुळसाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. शुक्रवारी सकाळी मात्र चहाचा कप ममतासमोर आदळून म्हणाल्या, “लिही राजीनामा. पण त्यात हेही लिही, का सासूचा याले विरोध हाये. सरकारले माहीत पाह्यजे.”

ममताने तसंच लिहिलं. साहेबांनी ऑफिसात तो राजीनामा तीनदा वाचला, सासूबाईंच्या ओळीवर थबकले आणि सही न करता पेपरवेटखाली ठेवला. मग हरिसिंगला चहा आणायला पाठवलं आणि आवाज खाली आणला.

“मॅडम, पुरुषांना शिकवता का?”

“कोणाले शिकायचं हाये, साहेब?”

“काल ही मला मागे बसवून बाजारातून घरी घेऊन गेली,” साहेब टेबलाकडे बघत म्हणाले. “मला सायकलसुद्धा येत नाही.”

रविवारी सकाळी सहाला साहेब मैदानात हजर झाले. हेल्मेट उलटं घातलेलं होतं, ते ममताने सरळ केलं. गाडी डुलत डुलत निघाली. ती मागून धरून पळत होती आणि साहेब स्वतःला भीती वाटू नये म्हणून बोलत होते.

“अजून विचार करा, मॅडम. दर महिन्याला पगार. आजारपणात रजा. म्हातारपणाची सोय. बाहेर काय आहे? आज बाया येतील, उद्या नाही आल्या तर? माणसाला मागून कोणाचा तरी आधार लागतो. बरोबर ना?”

मागून पावलांचा आवाज येईनासा झाला.

“मॅडम, धरून आहात ना?”

“इकडं हाये मी, साहेब!” आवाज फार लांबून आला.

साहेबांनी वळून पाहिलं. ममता कंबरेवर हात ठेवून पार मैदानाच्या त्या टोकाला उभी होती. साहेबांचं तोंड उघडंच राहिलं आणि गाडी सरळ कडेच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात घुसली.

ममता धापा टाकत पोचली, तेव्हा साहेब ढिगात बसले होते. कुठे लागलं नव्हतं. त्यांनी कानातली काडी काढली आणि गाडीच्या चाकाचा मागे उमटलेला लांबलचक पट्टा डोळे भरून पाहिला.

“एवढं सगळं मी एकट्याने चालवलं?”

“हाव, साहेब.”

साहेबांनी अंगावरच्या काड्या झटकल्या.

“उद्या सही करतो,” ते म्हणाले. “आता गाडी उचला. अजून एक चक्कर मारू.”