बाबांचा ठिपका

"बाबा, दादाला नववीत सह्याद्रीच्या कॅम्पला पाठवलंत. मला नाही म्हणताय ते मी मुलगी आहे म्हणून का?"

प्रश्न बुद्धप्रियाने विचारला खरा, पण तो शिजला होता शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ. पायल म्हणाली होती, "बापाच्या तोंडावर विचारून दाखव. आमच्यापुढं नुसती वाघीण!" आणि कीर्तीने वर तिखट टाकलं होतं, "विचारतीय कशाची ही! लिहून घे." आता लिहून घे म्हटल्यावर कुणाला गप्प बसवेल?

बाबांच्या हातातला भाकरीचा तुकडा ताट आणि तोंड यांच्यामध्येच थांबला. नवनाथरावांना घरात काहीही चालायचं, पण आपण मुलगा-मुलगी असा भेद करतो असं कुणी म्हटलेलं चालायचं नाही. दर चौदा एप्रिलला गल्लीच्या स्टेजवर मुलींच्या शिक्षणावर त्यांचं भाषण ठरलेलं असायचं, आणि सगळ्यात जोरात टाळ्या प्रियाच वाजवायची. आज ती त्या टाळ्यांची वसुली करायला बसली होती.

"प्रश्न मुलगा-मुलीचा नाहीये," बाबा तुकडा खाली ठेवत म्हणाले. "डोंगरात रेंज नसती. तू कुठं हायस ते आमाला कळणार कसं?"

"कळलं तर पाठवाल?"

"बघू की."

"बघू नाही. आईसमोर सांगा."

आई आमटी वाढता वाढता थांबली. "सांगा की मग. मी बी ऐकते."

अशा रीतीने घरात ते यंत्र आलं. बाबांच्या ऑफिसातल्या अभिमन्यू साहेबांना ट्रेकिंगचा नाद. त्यांच्याकडून बाबांनी ते मागून आणलं. मुठीत मावणारं, वर बोटाएवढी जाड अँटेना. ते आकाशातल्या उपग्रहांवरून स्वतःची जागा ओळखतं आणि अगदी पुसट रेंज असली तरी आतल्या सिमवरून घरच्या मोबाइलला कळवतं. मग नकाशावर लाल ठिपका उमटतो. साहेब ते घेऊन हिमालयात गेले होते आणि परतही आले होते, एवढंच त्याचं सर्टिफिकेट.

"आधी मी स्वतः तपासणार," बाबांनी जाहीर केलं. "रविवारी करमाळ्याच्या पुढचा डोंगर चढतो. दिवसभर ठिपका खरा निघाला, तर नाताळच्या सुट्टीत तू कॅम्पला. खोटा निघाला, तर विषय बंद."

रविवारी सकाळी बाबा निघाले. पाठीवर सॅक, सॅकमध्ये भाकरी आणि शेंगाचटणी, हातात पिशवी आणि पिशवीत सुमितदादाचे ट्रेकचे बूट. दादा आता पुण्याला शिकायला होता, बूट इथेच पडून होते. "एसटीत कशाला बूट? पायथ्याला घालतो," असं म्हणून बाबा चपलांवरच गेले.

प्रिया मोबाइल मांडीवर घेऊन बसली. ठिपका शहाण्या मुलासारखा हायवेने निघाला. मोहोळ आलं, मागे पडलं. मोडनिंब आलं. तिथे ठिपका थांबला.

"चहाला उतरले असतील," आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली.

मग ठिपका दिसेनासाच झाला. प्रियाने मोबाइल बंद करून चालू केला, खिडकीत नेला, दोनदा झटकलासुद्धा. बऱ्याच वेळाने ठिपका पुन्हा उगवला. निळ्या रंगात. प्रियाने दोन बोटांनी नकाशा मोठा केला. ते उजनी धरण होतं, आणि बाबा काठापासून चांगले आत होते.

"कुठवर गेले गं?" बाहेरून आईचा आवाज.

"पाण्याच्या... बाजूला आहेत. निसर्ग बघतायत."

तिने बाबांना फोन लावला. बेल वाजत राहिली. उचलला नाही. परत लावला. परत तेच. तिने मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, "बाबा उजनीत दिसतायत. काय करू?"

पायलचं उत्तर लगेच आलं, "पाण्यात ट्रेक?"

कीर्ती म्हणाली, "बोटीत बसले असतील गं. मजा आहे बुवा."

बोटीत? बाबा दारातल्या हौदातसुद्धा वाकून बघत नसत. आईला सांगावं तर ठिपका खोटा, म्हणजे कॅम्प गेला. आणि ठिपका खरा असेल तर? क्षणभर, अगदी क्षणभर, तिने कॅम्प आणि बाबा यांना एकाच तराजूत घालून पाहिलं आणि तिची तिलाच इतकी लाज वाटली, की ती तशीच उठून बाहेर पळाली.

"आई, हे बघ."

"हे निळं काय हाय?"

"उजनी."

आई ओल्या साडीसकट पायरीवर बसली. "अगं, त्यांना पवता कुटं येतंय!"

एवढ्यात ठिपका हलला. पाण्यातून निघाला तो थेट उसात. उसातून नदीच्या पलीकडे. रस्ता नाही, पूल नाही, सरळ रेघ मारल्यासारखा सुटला होता.

"हे चालणं न्हाय," आईचा आवाज बारीक झाला. "माणसाला एवढं पळता येतं व्हय? कुणीतरी उचलून न्यायलंय त्यांना!"

"मशीन चुकत असेल, आई."

"चुकत असंल तर फोन का उचलंनात?"

शेजारचे धोंडप्पा मामा शाळेची व्हॅन चालवायचे आणि रविवारी ती धुवायचे. आईने बादली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सगळं एका दमात सांगितलं. मामा मूळचे अक्कलकोटकडचे. "अय्यो अक्का, बसा की आदी," एवढंच म्हणाले आणि फेस लागलेली व्हॅन त्यांनी तशीच बाहेर काढली.

व्हॅन हायवेला लागली. प्रिया पुढे बसून ठिपका वाचून दाखवत होती, आई मागून आपल्या मोबाइलवरून एकामागून एक फोन लावत होती. बेल वाजायची, वाजत राहायची, तुटायची. ठिपका परत पाण्यात गेला तेव्हा आई रडायलाच लागली. बाहेर आला तेव्हा जास्तच रडली.

"मी तो प्रश्न विचारायलाच नको होता," प्रिया पुटपुटली.

"आता गप ऱ्हा. बघ कुटं हायत."

"आई! थांबला. मोडनिंबला थांबलाय. अजिबात हलत नाहीये. आत्याच्या घराजवळ... नाही, आत्याच्या घरातच!"

आईने डोळे पुसून पाहिलं आणि मान हलवली. "मग तर ठार खोटं. सकाळी डोंगराला म्हणून गेलेला माणूस भर दुपारी वन्संच्या घरात काय करंल?"

"बराबर हाय, अक्का," धोंडप्पा मामा म्हणाले. "मशीन पार खुळं झालं बगा. आपून सरळ करमाळा गाठू."

प्रियालाही ते पटलं. पाणी, ऊस आणि नदी फिरून आलेल्या ठिपक्यावर आता कोण विश्वास ठेवणार? तिने मोबाइल बंदच केला.

मोडनिंब जवळ आलं तशी आई एकदम म्हणाली, "धोंडप्पाभाऊ, गाडी आत घ्या. वन्संना न सांगता कसं जायचं? भाऊ हाय त्यांचा. त्यांनाबी संगं घिऊ."

मथुराआत्याच्या अंगणात व्हॅन थांबली. आई दारातूनच हुंदका देत आत शिरली, "वन्सं, जयभीम! लई वाईट झालं वो..."

"जयभीम, जयभीम. हळू बोल की गं," आत्या तोंडावर बोट ठेवत म्हणाली. "आत्ता कुटं डोळा लागलाय त्येचा. आलाव ते बरं झालं, मटणाचा रस्सा उरलाय."

अंगणातल्या लिंबाखाली बाज होती. बाजेवर गोधडी, गोधडीवर बाबा, आणि उशाला ते यंत्र आभाळाकडे तोंड करून लुकलुकत होतं. बाबा व्यवस्थित घोरत होते. शेजारी त्यांचा मोबाइल आवाज न करता नुसताच उजळत होता, कारण आईच्या हातून अजूनही फोन लागतच होता.

"आत्या, हे यंत्र इथंच होतं? सकाळपासून?" प्रियाने विचारलं.

"हितं कुटं? महागाची वस्तू, मागून आणल्याली. शेजारची पोरं हात लावत्यात म्हणून मी त्ये लोखंडी पेटीत ठिवलं हुतं, गोधड्यांच्या खाली. झाकण मेलं नीट बसत न्हाय तिचं. आत्ता ह्येला गोधडी काढली, तवा भाईर ठिवलं."

प्रियाच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. पेटीत यंत्राला आभाळच दिसत नव्हतं. झाकणाच्या फटीतून जेवढं मिळेल तेवढ्यावर बिचारं अंदाज ठोकत होतं. बाहेर आल्यावर ते पहिल्यांदा खरं बोललं, आणि नेमकं तेव्हाच कुणी ऐकलं नाही.

आवाजाने बाबा जागे झाले. समोर बायको, मुलगी आणि शाळेची व्हॅन बघून त्यांनी डोळे चोळले. मग एकदम उसना हुरूप आणून म्हणाले, "अरे वा! तुमीबी आलाव? आत्ताच उतरलो बघा डोंगर. काय हवा होती वर!"

"कुटला डोंगर रं?" आत्याने विचारलं. "च्याला म्हणून आलास, मटण शिजतंय म्हणून बसलास, खाऊन आडवा झालास."

प्रियाने बाजेखालची पिशवी ओढली आणि दादाचा एक बूट बाहेर काढला. आईने काल पॉलिश करून त्यात कोंबलेला कागदाचा बोळा तसाच होता. तिने तो काढून बाबांच्या हातात ठेवला.

आई बाजेच्या कडेला बसली आणि सकाळपासूनचा पहिला पुरा श्वास तिने घेतला. ते बघून बाबा जास्त घाबरले.

"त्याचं काय झालं," बाबांनी घसा साफ केला, "ताईनं आग्रह केला. पण एक गोष्ट सिद्ध झाली का नाही? यंत्र भरवशाचं नाही. तुमी किती घाबरलाव! तवा कॅम्पचा विषय..."

"थांबा," प्रिया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण धोंडप्पा मामांनीसुद्धा रश्श्याची वाटी खाली ठेवली. "आई, बाबा, माझं ठरलंय. नाताळात मी कॅम्पला जाणार. आणि यंत्र बाबांच्या खिशात राहणार, कारण या घरात नक्की कुठं आहे ते कळत नाही असं एकच माणूस आहे. मी डोंगरावर रेंज मिळेल तिथं जाऊन रोज संध्याकाळी आईला फोन करीन आणि विचारीन, बाबा सापडले का?"