नेब्युलायझरची पूजा

"अर्ध्या तासात मशीन घरात आणतो! तुम्ही फक्त प्लग मोकळा ठेवा!"

गुणवंतरावांनी ही घोषणा केली तेव्हा पायात एकच बूट होता, पण आवाज पूर्ण मंत्रालयाचा होता. आता तुम्हीच सांगा, केंद्र सरकारात मोठ्या मोठ्या फायली हलवणाऱ्या माणसाला एक नेब्युलायझर आणणं काय जड? सासरे सूर्यकांतअप्पा दिवाळीला कराडहून लेकीकडे आले आणि दिल्लीच्या हवेनं त्यांना धरलं. जन्मभर पिठाची गिरणी चालवून फुप्फुसं आधीच कामातून गेलेली. त्यात हा धूर! डॉक्टरांनी सांगितलं, दोन वेळा नेब्युलायझर द्या, बाहेर पडू देऊ नका, प्रवास तर नकोच.

पण अप्पा ऐकतील तर ना! त्यांनी उद्याच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलेलं.

"मला माझ्या घरी जाऊ दे, कुमुद. लेकीच्या दारात धापा टाकत बसणं शोभत नाही," ते दोन दोन शब्दांनी थांबत म्हणाले.

कुमुदनं डॉक्टरांचा कागद हातात घेतला. बाप या अवस्थेत दिवसरात्र गाडीत बसणार! आज मशीननं आराम पडला तरच ते थांबतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"अहो, डॉक्टरांचा कागद तरी न्या!"

"कागद कशाला? मी काय पहिल्यांदा खरेदी करतोय?" म्हणत गुणवंतराव जिने उतरले. आर. के. पुरमची सरकारी क्वार्टर, तिसरा मजला, लिफ्टचं नाव नाही. वीस मिनिटांत धापा टाकत परत आले आणि विजयी मुद्रेनं खोकं टेबलावर ठेवलं.

कुमुदनं ते उघडलं. आतून निघालं सर्दीसाठी वाफारा घ्यायचं भांडं!

"अहो, हे काय आणलंत?"

"वाफच येते ना शेवटी!"

"अप्पांना औषध द्यायचंय, बटाटे नाही उकडायचे! हा घ्या कागद!"

पुन्हा जिने, पुन्हा स्कूटर, पुन्हा तीच लाल बत्ती. पन्नाशी ओलांडलेली, पोट सुटलेलं, आणि तोंडाला मास्क लावायचा तर रुबाब कमी होतो! पण या खेपेला मशीन अगदी बरोबर आणलं. कुमुदनं घाईघाईनं वायर उलगडली, कपात औषध ओतलं, आता बटन दाबणार तोच सासूबाईंचा आवाज आला.

"थांब! पूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही!"

अहिल्याबाई म्हणजे गुणवंतरावांच्या मातोश्री. या घरात फ्रिज, स्कूटर, इन्व्हर्टर, झालंच तर गुणवंतरावांचा ऑफिसचा लॅपटॉपसुद्धा हळदकुंकू लागल्याशिवाय सुरू झालेला नाही.

"आई, तिकडे अप्पांचा श्वास लागलाय हो!"

"म्हणूनच तर म्हणते! मिक्सरची पूजा राहिली होती, दुसऱ्या दिवशी जळला. विसरलीस?"

मिक्सर खरंच जळला होता. शेवटी तडजोड झाली. उदबत्ती नाही, कापूर नाही, धूर म्हणून काही नाही. फक्त हळदकुंकू आणि एक फूल.

"याचं तोंड कुठलं रे?" अहिल्याबाईंनी कुंकू पाण्यात कालवत विचारलं.

गुणवंतराव माहितीपत्रक वाचण्यात दंग. वर न बघताच त्यांनी मास्ककडे बोट केलं. झालं! अहिल्याबाईंनी मास्कच्या नाकावर, कडेला आणि मायेच्या भरात आतूनही दोन ठसठशीत बोटं ओढली. देवाला लावताना हात आखडायचा नाही, ही त्यांची शिस्त. कुमुदनं त्याच घाईत मास्क उचलला, अप्पांच्या तोंडाला लावला आणि बटन दाबलं. घर्रर्र!

"रुग्णाने उपचारादरम्यान बोलू नये," गुणवंतरावांनी पत्रकातून वाचून दाखवलं. "ऐकलंत ना, अप्पा? मशीन थांबेपर्यंत एक शब्द नाही!"

अप्पांनी मान डोलावली. कुमुद आत भावाला फोन करायला गेली, गुणवंतराव स्वतःच्या पराक्रमावर चहा ठेवायला गेले, अहिल्याबाई देवापुढे जपाला बसल्या. आणि मास्कच्या आत धुकं दाटलं, कुंकू भिजलं, लाल ओघळ निघाले. हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून पांढऱ्या बंडीवर! अप्पांना मात्र याचा पत्ता नाही. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी होत होती, डोळे सुखानं मिटले होते, मान मागे टेकली होती.

नेमक्या त्याच वेळी समोरच्या बत्रा भाभी कढीचं रिकामं पातेलं परत द्यायला उघड्या दारातून आत आल्या.

"हाय रब्बा! खून! अंकलजी के मुँह से खून!"

पातेलं फरशीवर ठणाणलं. भाभी आल्या पावली जिन्यात धावल्या, धावताधावताच अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि उरलेल्या श्वासात ब्लॉकच्या ग्रुपवर निरोप टाकला.

कुमुद बाहेर आली. बघते तर बाप लाल!

"अप्पा! अहो, धावा! अप्पा रक्त ओकतायत!"

गुणवंतराव हातात गाळणं घेऊन आले आणि पांढरेफटक पडले. "डोस जास्त झाला की काय!"

अप्पांनी डोळे उघडले, खाली पाहिलं, बंडी पाहिली, आणि सगळा प्रकार त्यांच्या लक्षात आला. पण बोलायचं नाही ना! त्यांनी हात हलवून 'काही नाही, काही नाही' केलं.

"निरोप घेतायत हो!" कुमुदनं हंबरडा फोडला.

अप्पांनी घाईनं स्वतःच्या कपाळावर बोट आपटलं. कुंकू, कुंकू!

"नशिबाला दोष देतायत," जप सोडून धावत आलेल्या अहिल्याबाई पदराआडून म्हणाल्या.

आता अप्पा वैतागले. त्यांनी सरळ कुमुदच्या कपाळाकडे बोट केलं. कुमुद नवऱ्याकडे बघून किंचाळली, "माझं कुंकू? अगं बाई, म्हणजे ह्यांना काही होणार?"

ह्यांना तर तेवढंच पुरे होतं! "मी अ‍ॅम्ब्युलन्स बघतो!" म्हणत गुणवंतराव तीन मजले उतरले. खाली कळलं, चौकीदारानं अ‍ॅम्ब्युलन्स भलत्याच ब्लॉककडे पाठवली. गुणवंतराव तिकडे पळाले. तिथून ती मागच्या रस्त्यानं निघालेली. हे तिच्या मागे, खोकत, हात हलवत, त्या करड्या धुरातून! वाटेत खिशातला फोन वाजला. कराडहून त्यांचा चुलतभाऊ सुधन्वा; कुमुदच्या भावानं फोनवर तिचा हंबरडा ऐकला होता आणि बातमी गावभर झाली होती.

"गुणवंता, कधी गेले रे अप्पा?"

"गेले नाहीत! अजून... आहेत!"

"बरं बरं. मग आम्ही निघू की थांबू?"

उत्तर द्यायला श्वास कुठला! गुणवंतरावांनी अ‍ॅम्ब्युलन्सला ब्लॉक दाखवला आणि तिच्या माणसांच्या पुढे धावत जिना चढायला घेतला.

वर तोवर मशीन थांबलं होतं. अप्पांनी मास्क काढला, बंडीनं तोंड पुसलं आणि एका दमात, मधे कुठेही न थांबता गरजले, "रक्त नाही, कुंकू आहे कुंकू! विहीणबाईंनी मला ओवाळायचंच तेवढं बाकी ठेवलंय!"

कुमुदनं त्यांच्या हनुवटीला बोट लावलं आणि वास घेतला. तिला हसू आवरेना, रडू थांबेना. अप्पा एवढं लांब वाक्य कितीतरी दिवसांत बोलले नव्हते!

दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली. मागे अर्धा ब्लॉक.

"पेशंट कौन है?"

सगळे दाराच्या चौकटीकडे बघू लागले. जिन्यात त्या माणसांच्या मागे पडलेले गुणवंतराव चौकट धरून उभे होते. चेहरा जांभळा, छातीतून शिट्टी, तोंडातून "पे... पे... पेशंट..." एवढंच.

"अरे, अंकल तो बहुत सीरियस हैं! बैठिए, बैठिए!"

आणि काही कळायच्या आत त्या माणसांनी गुणवंतरावांना खुर्चीत दाबून बसवलं, बोटाला चिमटा लावला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. "कब से है साँस की बीमारी?"

"आजच लागली," अहिल्याबाई काळजीनं म्हणाल्या.

सूर्यकांतअप्पा उठले. चालत जावयाजवळ आले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चेहऱ्यावरचा लाल रंग तसाच होता, पण श्वास अगदी शांत चालला होता.

"कुमुद, माझं उद्याचं तिकीट रद्द कर," ते म्हणाले. "अशा हवेत जावयाला एकटं टाकून गेलो, तर लोक मला काय म्हणतील?"

कुमुदनं डोळे पुसले आणि तिकीट रद्द करायला फोन शोधू लागली. गुणवंतरावांनी मास्कच्या आतून जोरजोरात मान हलवली. ती 'हो' म्हणून की 'नको' म्हणून, हे त्यांना कुणीच विचारलं नाही!