ट्रक डावीकडे ओढी, त्याची कैफियत

थोरामोठ्यांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले, आणि हत्ती किती पडले, घोडे किती गेले, याचा आकडा दोन बखरकारांचा कधी जुळला नाही. येथे तैसे नाही. येथे जे मोजले ते दोनदा मोजले आणि जे पाहिले ते उजेडात पाहिले. एक सहाचाकी ट्रक रस्त्याच्या डाव्या अंगास कलंडला, तो का कलंडला यावरून थोरली बहीण व धाकटा भाऊ यांत वैर पडले, आणि निवाडा कोणत्या हत्याराने जाहला, ते यथास्थित लिहिले आहे. कमीजास्त वाटल्यास टेप घेऊन खुशाल ताडून पाहावे.

अक्कासाहेब म्हणजे या एका ट्रकाच्या सर्वाधिकारी मालकीण. ट्रक हाकण्याचे काम त्यांचे सख्खे धाकटे बंधू भाऊसाहेब यांजकडे एकोणीस वर्षे दरोबस्त चालत आले. मंगळवारी भरदुपारी, लख्ख उन्हात, कोरड्या सरळ रस्त्यावर, सातशे प्लास्टिकच्या बादल्या लादून भाऊसाहेब कूच करते जाहले, आणि एकाएकी ट्रकाने डावीकडे हिसका दिला, आणि मग रस्ता सोडून चराकडे धाव घेतली, आणि मग दमलेला हत्ती निजावा तैसा डाव्या कुशीवर निजला. बादल्यांची फौज लाल, निळी, हिरवी रानोमाळ पांगली. काही बादल्या तर उतारावरून गडगडत जाऊन आजतागायत परागंदा आहेत. भाऊसाहेब उजव्या खिडकीतून वर निघाले. कोपरास खरचटले, याखेरीज इजा नाही. चष्मासुद्धा शाबूत.

मग क्रेन बोलावून ट्रक उभा केला आणि टोचन लावून गॅरेजात दाखल केला. तेथेच, ऑइलच्या पिंपांमध्ये खुर्ची मांडून, अक्कासाहेबांनी दरबार भरविला. भाऊसाहेबांनी अर्ज गुजारला, की गाडी आठवडाभर डावीकडे ओढीत होती, हे आपण अक्कासाहेबांच्या कानी दोनदा घातले होते.

“ओढत नव्हती,” अक्कासाहेब म्हणाल्या. “डुलकी लागली तुला. जेवून उठलास तो थेट गाडीत बसलास, मला काय माहीत नाही?”

“अक्के, टक्क जागा होतो गं.”

“टक्क जागा माणूस सरळ रस्त्यावरून शेतात जातो होय?”

मग फर्मान सुटले ते ऐसे: ट्रकात रोग आधीचा होता, हे शनिवारपर्यंत सिद्ध करावे, न जाहल्यास सोमवारपासून चाकावर नवा ड्रायव्हर बसेल आणि भाऊसाहेबांनी कचेरीत बसून फोन उचलावे. एकोणीस वर्षे ज्याने काचेतून रस्ता पाहिला, त्याने यापुढे समोरच्या भिंतीवरील पाल पाहावी, ऐसा या हुकमाचा मतलब. भाऊसाहेबांचा चेहरा त्या दिवशी पंक्चर जाहला तो शनिवारपर्यंत भरला नाही.

आता गॅरेजचे उस्ताद. यांची कीर्ती ऐसी, की ते कानाने रोग ओळखीत. ट्रकाखाली जाऊन त्यांस अकरा वर्षे लोटली होती. मधल्या काळात पोटाने जो मुलूख काबीज केला, त्यामुळे जाणे मुष्कील जाहले होते. ते पान्याने ठण्ण करून ठोकीत, डोळे मिटीत आणि निकाल देत. त्यांनी ट्रकास तीन प्रदक्षिणा घातल्या, पाच ठिकाणी ठोकले आणि जाहीर केले, की उलटण्याआधी गाडी ठणठणीत होती. जो बिघाड तो उलटल्याने. भाऊसाहेबांविरुद्ध याहून मातबर साक्ष दुसरी नव्हती.

मग मरम्मतीची मोहीम सुरू जाहली. पुढील दोन चाकांस जोडणारा टाय रॉड धनुष्यासारखा वाकला होता, तो बदलला. डावा शॉकअ‍ॅब्सॉर्बर चेपला होता, तोही बदलला. स्टिअरिंगचे चाक तिरपे दिसत होते, ते उस्तादांनी उपसून काढले आणि सरळ करून पुन्हा बसविले, जेणेकरून निदान दिसण्यास तरी दुरुस्त. गुरुवारी ट्रक गॅरेजामागील मोकळ्या रस्त्यावर काढला. भाऊसाहेबांनी चाक जरा सैल सोडले, तो स्वारी डावीकडे.

“रस्त्यालाच उतार आहे,” उस्ताद म्हणाले.

अक्कासाहेब हिशेबी बाई. त्यांनी हुकूम केला, की त्याच पट्ट्यावरून ट्रक उलट दिशेने आणावा. उतार असेल तर आता उजवीकडे ओढेल. आणिला. ट्रक पुन्हा डावीकडे. उस्तादांनी वाऱ्यावर संशय घेतला. झाडाचे पान हलत नव्हते. मग टायरांवर घेतला. टायर अदलाबदल केले, तरी डावीकडे. शुक्रवार मावळला. रोग आहे हे आता सर्वांस कबूल जाहले, परंतु उलटण्याआधीचा की नंतरचा, या मुद्द्यावर भाऊसाहेबांचे तक्त डळमळत राहिले.

गॅरेजाची मागील भिंत नव्याने चढत होती आणि तिजवर एक गवंडीकाका तैनात होते. हे गृहस्थ तीन दिवस विटा लावीत हा संग्राम पाहत होते आणि मिशीत हसत होते. शनिवारी सकाळी ते परातीवरून हात झाडीत खाली उतरले आणि ट्रकासमोर उकिडवे बसले.

“उस्ताद, तुमचा ट्रक गुण्यात नाही. काटकोन सुटलाय.”

“काका, हा ट्रक आहे. भिंत नाही.”

“भिंत बरी मग. वाकडी झाली तरी शेतात जात नाही.”

अक्कासाहेब हसल्या. तीन दिवसांत प्रथमच. मग त्यांनी गवंडीकाकांस मापाचा परवाना बहाल केला. काकांनी पुढची चाके सरळ धरविली, ओळंबा काढिला, आणि त्याच्या दोरीचे टोकदार वजन प्रत्येक चाकाच्या मध्यातून जमिनीवर सोडून खडूने खुणा केल्या. मग चेसिसवर, दोन्ही अंगांस समोरासमोर असलेल्या रिबिटांखाली तैशाच खुणा करून टेप लाविला. मागील चाके दोन्ही बाजूंस समान अंतरावर. पुढील उजवे चाक आपल्या जागी. पुढील डावे चाक दोन बोटे मागे. पुन्हा मोजले. दोनच बोटे. म्हणजे पुढचा एक्सल डाव्या टोकास मागे सरकला होता, आणि त्याचे तोंडच डावीकडे वळले होते.

एक्सल ज्या पोलादी पट्ट्यांच्या थप्पीवर भार तोलतो, तिला पाटा म्हणतात. पाट्याच्या मध्यातून एक सेंटर बोल्ट जातो. बोटाएवढा, बाहेरून दिसेल न दिसेल, पण एक्सलास जागेवर तोच धरतो. त्यावर पाटा व एक्सल एकत्र जखडणारे दोन यू-बोल्ट आवळलेले असतात. डावा पाटा उतरविला, तो यू-बोल्ट सैल, आणि सेंटर बोल्टाचे दोन तुकडे पदरात पडले.

“उलटताना तुटला,” उस्तादांनी लागलीच निकाल दिला.

अक्कासाहेबांनी तुकडा उन्हात धरिला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग तपकिरी, जुन्या गंजाने काळवंडलेला. उरलेला अर्धा खरखरीत आणि चकाकणारा. जेथे चीर पडून दिवस गेले, तेथे गंज बसला. जो मंगळवारी तुटला, तो चकाकत राहिला. आधी अर्धा गेला, तेव्हा गाडी ओढू लागली. उरलेला गेला, तेव्हा हिसका बसला. ज्या मनुष्याच्या डुलकीवर फर्मान निघाले होते, तो शेजारीच उभा होता.

मग अक्कासाहेबांनी मान न वळविता सवाल केला.

“हा पाटा कुणी बसवला होता?”

पाटा दोन महिन्यांमागे खुद्द उस्तादांनी बसविला होता. नवा पाटा बसविल्यावर गाडी थोडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, हाही त्यांचाच दंडक.

“मी आलो होतो आवळायला,” भाऊसाहेब हळूच म्हणाले. “तुम्ही मॅच बघत होतात. लांबूनच पाना हलवलात, जा म्हणून.”

“आवाज घट्ट येत होता रे,” उस्ताद म्हणाले.

अक्कासाहेबांचे दुसरे फर्मान एका ओळीचे: नवा बोल्ट घालावा आणि दोन्ही पाट्यांचे चारही यू-बोल्ट उस्तादांनी स्वहस्ते, ट्रकाखाली उताणे निजून आवळावेत. उस्ताद अर्धे आत गेले आणि पोटापाशी वेढा पडला. जॅक चार बोटे चढविला, तेव्हा वाट मोकळी जाहली. आतून पाऊण तास कण्हण्याचे व पान्याचे आवाज येत राहिले आणि गवंडीकाका बाहेरून “अजून अर्धा फेर” म्हणत राहिले. मग दुसऱ्या पाट्याचीही तीच गत केली. शेवटी काकांनी ओळंबा सोडिला. दोन्ही अंगे समान. सुताचा फरक नाही.

दुपारी स्वारी निघाली. “मीच बसते शेजारी,” ऐसे बोलून अक्कासाहेब डाव्या आसनावर चढल्या आणि दोन्ही डोळे रस्त्यावर रोखून बसल्या. भाऊसाहेबांनी मोकळ्या सरळ पट्ट्यावर दोन्ही हात चाकावरून उचलले. ट्रक एक, दोन, तीन, ऐसा बारा अंकांपर्यंत सरळ गेला.

“हात ठेव चाकावर,” अक्कासाहेब म्हणाल्या. एवढेच. माफी मागितल्याचे कोणत्याही दफ्तरी आढळत नाही. सोमवारच्या ड्रायव्हरास येऊ नये म्हणून त्यांनी फोनवरून कळविले, तेही खिडकीबाहेर तोंड करून.

मग हमरस्ता लागला, आणि इंजिन एका सुरात चालू लागले, आणि तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी अक्कासाहेबांची मान कलती जाहली, आणि पाचव्या दगडापाशी त्या घोरू लागल्या. भाऊसाहेबांनी एकवार पाहिले. चार दिवसांचा वचपा काढण्यास एक हॉर्न पुरेसा होता. त्यांनी पुढील गतिरोधक पहिल्या गिअरात, दुधाचे पातेले नेल्यासारखा पार केला.

शनिवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे, त्या हमरस्त्यावर भाऊसाहेबांची फत्ते जाहली. उभय पक्षी हानी नाही. पराभूत पक्ष निद्रिस्त असल्याने विजयाची वार्ता त्यास कळविली नाही, आणि कळविण्याचे प्रयोजनही उरले नाही. ट्रक सरळ चालला आहे, हे वर्तमान येणेप्रमाणे दाखल केले असे.