शत्रूला पाणी

"हिंदुराव पडद्यावर आला, की हिरोनं घरी जायचं!" असं हिंदुरावांनी मैंदर्गीच्या बाजारात निदान पन्नास जणांना ऐकवलं होतं. पिक्चर होता युद्धातल्या प्रेमाचा. गाव शत्रूच्या ताब्यात, आणि शत्रूचा तरुण अधिकारी गावातल्या पोरीच्या प्रेमात. शत्रू कुठल्या देशाचा, हे दिग्दर्शक अद्वैतसाहेबांनी वाद नकोत म्हणून शेवटपर्यंत सांगितलं नाही. शूटिंगला घर हिंदुरावांचंच निवडलं. त्यांना शत्रूच्या शिपायाचं काम मिळालं, आणि पोरीच्या आईचं काम त्यांच्या बायकोला, सोजरबाईंना. हिंदुरावांनी मिशी काळी केली आणि दोन दिवस आरशासमोर डोळे वटारले.

सीन सोपा होता. शिपाई लाथेनं दार उघडणार, सोजरबाई किंचाळणार, आणि हिंदुराव कॅमेऱ्याकडे तोंड करून गरजणार, "हलू नका!" अख्ख्या पिक्चरमध्ये त्यांचं एवढंच वाक्य! पण ते त्यांनी इतकं घोटलं होतं, की गोठ्यातली म्हैससुद्धा आता वैरण सोडून स्तब्ध उभी राहायची.

"ॲक्शन!"

दार धाडकन उघडलं. सोजरबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि शत्रूच्या अधिकाऱ्यापुढं पाण्याचा तांब्या धरला.

"कट! अहो बाई, ते शत्रू आहेत!"

"असंनात की! उंबरा वलांडून आल्यालं माणूस हाय. पाणी न्हाय इचारायचं व्हय?"

तांब्या लपवण्यात आला. दुसऱ्या वेळी बाईंनी सगळ्या सैन्याला बूट बाहेर काढायला लावले, कारण घर सकाळीच सारवलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी अधिकारी झालेल्या हिरोची हनुवटी धरली. "लई वाळलंय लेकरू! जेवलास का?" हिरो दोन महिने डाएटवर होता. त्याचे डोळेच भरून आले! सहाव्या वेळी तो चुलीपाशी बसून भाकरी आणि शेंगाचटणी हाणत होता, आणि अद्वैतसाहेब अंगणात डोकं धरून बसले होते.

ऊन उतरायला लागलं. "उजेड गेला तर हा सीनच काढून टाकतो," साहेब म्हणाले. गेलं आपलं वाक्य! हिंदुराव साहेबांच्या कानाला लागले.

"साहेब, हिला काढा, दुसरी बाई घ्या. बायको माझीच हाय, मी बघतो काय ते."

सोलापूरहून आलेल्या एका बाईला उभं केलं. ती पहिल्याच वेळी अशी किंचाळली, की गावातली झाडून सारी कुत्री भुंकली. हिंदुरावांनी परसात सोजरबाईंना गाठलं. "तुझं काम झालं बरं का! साहेब लई खूश!" बाई नुसत्या हसल्या. ते हसू बघून हिंदुरावांना आपलीच लाज वाटली. खरं काय ते उद्या सांगू, असं म्हणत सात महिने गेले.

मग पिक्चर सोलापुरात लागला, आणि सोजरबाईंनी सांगोल्याचं सगळं माहेर बोलावलं. चौदा माणसं! हिंदुराव घाईघाईनं म्हणाले,

"पिक्चर लई भिकार हाय म्हणं! आन् तिकिटं तरी कुटं मिळत्यात?"

"काढली की मामा म्या," सोजरबाईंचा भाचा दिग्विजय म्हणाला. आता सुटका नव्हती.

अंधारात तो सीन आला. दार उघडलं, परकी बाई किंचाळली. हिंदुरावांनी डोळे गच्च मिटून घेतले. पण "हलू नका!" काही ऐकू आलं नाही. डोळे उघडून बघतात तर पडदाभर हिरो, आणि कोपऱ्यात एका शिपायाची पाठ! वाक्य सरळ कापलेलं!

"ती बघा, ती पाठ! आमच्या ह्यांची!" सोजरबाई खुर्चीतून उठून ओरडल्या. चौदा जणांनी टाळ्या पिटल्या.

हिंदुरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, तुला काढलंय त्यातनं," ते कसंबसं पुटपुटले. "मीच सांगितलं हुतं साहेबास्नी."

"ठावं हाय की. दाराआड हुते मी. आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणून वाट बघत ऱ्हायले."

"मग येवढी माणसं कशापायी बोलावलीस?"

"तुमास्नी बघायला की!"