सगळ्यांना चालेल अशी बोट

रुपराव निनावेंना पोहता येत नव्हतं, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. ती सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच रुपरावांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे थोरल्या लेकीनं, प्रणालीनं जेवताना "आपण सगळे स्कूबा डायव्हिंगला जाऊ" असं म्हटलं, तेव्हा त्यांनी पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवला, तो बुडताना जरा जास्तच वेळ पाहिला आणि म्हणाले, "जाऊ ना. काहून नाही?"

नाही म्हणायची सोयच नव्हती. रुपराव कोराडीच्या वीज केंद्रात शिफ्ट इंचार्ज. पोरं लहान असताना घरची मंडळी जिथे म्हणून फिरायला गेली, तिथे रुपरावांशिवाय गेली. निघायच्या दिवशी कुठला तरी संच हमखास बंद पडायचा. सहलींचे फोटो असलेल्या अल्बममध्ये ते एकदाच दिसत, तेही स्टेशनवर, खिडकीतून पाण्याची बाटली आत देताना. आता प्रणाली मार्चमध्ये नोकरीसाठी जर्मनीला निघाली होती. पुण्यात असताना ती डायव्हिंग शिकली होती आणि जायच्या आधी तिला घरच्या सगळ्यांना समुद्राच्या पोटातलं जग दाखवायचं होतं. सगळ्यांना म्हणजे आई वंदनाबाई, बाबा, धाकटा अंकुर आणि शहात्तर वर्षांची आजी अनुसयाबाई.

अंदमानात अशा बोटी असतात, की माणसं बोटीवरच मुक्काम करतात आणि दिवसा पाण्यात उतरतात. त्यातली एक निवडायची, एवढंच काम होतं. पण अंकुरला शार्क दिसले पाहिजेत, वंदनाबाईंना शार्क दिसता कामा नयेत, आजीच्या गुडघ्यांना शिडी चालत नाही आणि पहाटेचा चहा बिछान्यातच लागतो. रुपरावांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. त्यांनी फक्त चौकशीचं काम अंगावर घेतलं.

जरीपटका भागातल्या एका टूरवाल्या ऑफिसात दामिनी नावाची मुलगी होती. रुपराव तिला रोज ड्यूटीवरून आल्यावर फोन करत.

"बोटीचं इंजिन बंद पडलं तं?"

"दुसरं इंजिन असतं सर."

"अन् तेही बंद पडलं तं?"

"मग दुसरी बोट बोलावतात सर."

"बोलावते कोण? समुद्रात रेंज राहते का?"

दामिनीनं आजवर शिमला, केदारनाथ आणि उटीच्या सहली विकल्या होत्या. शिमल्याचा डोंगर बंद पडला तर काय, असं तिला कोणी विचारलं नव्हतं. तरी तिनं शांतपणे दोन पर्याय काढून दिले. एका बोटीवर मुक्काम होता, शिडी न चढता जाता येईल अशा खोल्या होत्या आणि पोहता न येणाऱ्या प्रत्येकासोबत पाण्यात एक शिक्षक उतरणार होता. दुसरी बोट संध्याकाळी परत किनाऱ्यावर आणून सोडणारी होती.

"दुसरी चांगली हाय," रुपराव घरी म्हणाले. "मायले रात्री बोट लागली तं करायचं काय?"

"मले काही लागत नाही," अनुसयाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

"लागते का नाही, हे ट्रायल घेतल्याशिवाय कसं समजंल माय? मशीन लोडवर घ्यायच्या आधी ट्रायल घ्यावीच लागते."

ट्रायलसाठी पाणी पारशिवनीकडे सापडलं. वंदनाबाईंचा भाऊ गोविंदा तिकडच्या एका खेड्यात शेती करायचा. गावाच्या तलावावर मासेमारीची एक लाकडी नाव होती. रविवारी सकाळी सगळे तिकडे गेले. थंडी होती म्हणून रुपरावांनी अंकुरचं टोपीवालं जॅकेट घातलं होतं, आणि त्यावरून ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब.

"भाऊजी, पाणी काही फार नाही," गोविंदा म्हणाला.

"असू दे. सवय व्हावी म्हणून घातली."

नाव निघाली. गोविंदा वल्हं मारत होता. रुपराव पुढे तोंड करून बसले होते, त्यांच्या अगदी पाठीशी अनुसयाबाई. तलावाच्या मध्यावर शिंगाड्याच्या वेलींत नाव अडकली आणि जागच्या जागी डुलायला लागली. अनुसयाबाईंनी कनवटीची सुपारी काढून तोंडात टाकली आणि त्या बगळे पाहत बसल्या. रुपरावांचा चेहरा मात्र हळूहळू शिंगाड्याच्या रंगाचा झाला.

"बाबा, तुम्हाले बरं वाटून राहिलं ना?" प्रणालीनं विचारलं.

बरं वाटतंय, असं सांगायला रुपराव उभे राहिले. सांगणं राहिलं, सकाळचा चिवडा तेवढा तलावात गेला. नाव एका अंगाला कलली.

"बस खाली रुप्या," अनुसयाबाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या, रुपराव मटकन खाली बसले, आणि त्या ओरडण्यासरशी त्यांची वरची कवळी तोंडातून सुटली.

नाव स्थिर झाली. मग अनुसयाबाई म्हणाल्या, "दात गेले माये." शब्द नीट उमटले नाहीत, पण सगळ्यांना कळलं.

ती कवळी त्यांच्या तोंडात बसेपर्यंत डॉक्टरनं चारदा घासून दिली होती. दुसरी बनवायची तर पुन्हा तोच सगळा त्रास, आणि तोवर आजी जेवणार काय? प्रणालीनं स्वेटर काढला, पोहायचा गॉगल चढवला आणि ती पाण्यात उतरली. पाणी गढूळ आणि बर्फासारखं थंड होतं. ती बुडी मारायची, चाचपडायची, वर यायची. एकदा चप्पल निघाली, एकदा लोटा, एकदा कोणीतरी नवसाला सोडलेला नारळ.

शोधाची सूत्रं रुपरावांनी हातात घेतली. आपल्या हातून जे झालं ते निदान आपल्या देखरेखीखाली निस्तरावं, असं त्यांना वाटत होतं. "जरा उजवीकडं पाह्य," ते ट्यूब सांभाळत सांगत. "माय इकडं बसली होती, म्हणजे दात इकडंच पडले असंल. अजून खाली पाह्य."

बऱ्याच वेळानं प्रणालीचे ओठ निळे पडले, तेव्हा वंदनाबाईंनी तिला हात धरून वर ओढलं. कवळी मिळाली नव्हती. नाव काठाला लागली. वारा झोंबत होता म्हणून रुपरावांनी मागे हात नेऊन जॅकेटची टोपी डोक्यावर ओढली. टोपीतून काहीतरी कपाळावर घसरलं आणि त्यांच्या मांडीवर येऊन पडलं.

सगळ्यांनी मांडीकडे पाहिलं. मग रुपरावांकडे पाहिलं. अनुसयाबाईंनी कवळी उचलली, गोविंदाच्या बाटलीतल्या पाण्यानं धुतली, तोंडात बसवली आणि पहिलं स्पष्ट वाक्य बोलल्या, "मुक्कामाची बोट घे. मले तं या पाण्यात झोप येऊन राहिली होती."

बुकिंग झालं. रुपरावांनी सुट्टीही मंजूर करून आणली. आणि त्याच आठवड्यात प्रणालीचा कान दुखायला लागला. तलावाचं पाणी कानात राहून आत सूज आली होती. विमान चालेल, डॉक्टर म्हणाले, पण महिनाभर डोकं पाण्याखाली न्यायचं नाही.

हे ऐकून रुपरावांना क्षणभर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली, की ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. कोराडीच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. प्रणाली मागून येऊन उभी राहिली.

"रद्द करून टाकू बेटा," ते म्हणाले. "तुह्याचसाठी तं होतं सगळं. अन् मह्याच मूर्खपणानं..."

"रद्द केली तं तुम्ही पुन्हा कधी याल आमच्यासोबत?"

रुपरावांनी गॅलरीच्या कठड्यावरची राख हातानं पुसली.

"मले पोहता येत नाही," ते म्हणाले.

"माहीत हाय बाबा."

"तुले कोणं सांगितलं?"

"सगळ्यांलेच माहीत हाय."

अंदमानचं पाणी पारशिवनीच्या पाण्यासारखं नव्हतं. तळाची वाळू बोटीवरून दिसत होती. वंदनाबाई आणि अंकुर आधी उतरले. मग रुपरावांच्या पाठीवर हवेचं नळकांडं बांधलं गेलं आणि त्यांचा दंड धरून शिक्षक त्यांना खाली घेऊन गेला. सुरुवातीला त्यांचे डोळे मिटलेलेच होते. उघडले तेव्हा समोरून हळदीच्या रंगाच्या माशांचा थवा जात होता. तीस वर्षं त्यांच्या कानात टर्बाइनची घरघर होती. घरीही असायची, झोपेतही असायची. इथे ती नव्हती. फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

फार छान वाटतंय, हे सांगायला त्यांनी शिक्षकाला अंगठा वर करून दाखवला. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. शिक्षकानं त्यांना वर नेलं. गैरसमज दूर झाल्यावर ते पुन्हा खाली गेले, एक निळा तारामासा पाहिला, भान हरपलं आणि पुन्हा अंगठा वर झाला. तिसऱ्या खेपेला त्यांनी मूठ घट्ट आवळून ठेवली आणि जे पाहायचं ते मुकाट्यानं पाहिलं.

बोटीच्या पायऱ्या चढताना त्यांच्याजवळ सांगायला इतकं होतं, की कुठून सुरुवात करावी ते ठरेना. पहिल्यांदा प्रणालीलाच सांगायचं होतं. ते निथळत वर आले. सावलीत सतरंजी टाकली होती. प्रणाली आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, दुखरा कान वर करून. अनुसयाबाई त्या कानावर वारा लागू नये म्हणून पदर धरून बसल्या होत्या.

"माय, खाली ना..."

"चूप," अनुसयाबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "आत्ता डोळा लागला पोरीचा. कानानं रात्रभर झोपली नाही."

रुपराव होते तिथे बसले. पायांखाली पाण्याचं थारोळं झालं. थोड्या वेळानं वंदनाबाई धापा टाकत वर आल्या, डोळे चमकत होते, काही सांगायला त्यांनी तोंड उघडलं. रुपरावांनी ओठावर बोट ठेवलं. वंदनाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. मग अंकुर आला, त्यानं बहुतेक शार्क पाहिला होता. त्याला दोघांनी बसवलं. तिघं ओळीनं निथळत, आपापलं नवल पोटात धरून, झोपलेल्या मुलीकडे पाहत राहिले.

जेवण तयार आहे, असं सांगायला खलाशी वर आला. चौघांनी एकदमच ओठावर बोट ठेवलेलं पाहून तो पायरीवरच थांबला, आणि पाय न वाजवता खाली गेला.