खुडूक कोंबडीचे नेम

बाक

डॉ. राजकुमारने दवाखान्यासाठी आणलेला बाक मेहकरच्या एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाचा होता. त्यावर कोणीतरी कर्कटकाने 'गणिताचा नाश होवो' असं कोरून ठेवलं होतं. सोबत दोन लाकडी खुर्च्या आणि एक स्टूल. चौघांचा रंग एकच. तहसिलीत आपली फाईल सापडत नाही असं कळल्यावर माणसाचा चेहरा होतो ना, तो.

सामान डोणगावात टेम्पोतून उतरलं तेव्हा त्याची आई तानाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"राजू, ह्याच्यावर बसून त धडधाकट माणूस बिमार पडंल."

"माय, दवाखाना हाय तो. तिथं काय लोक हसाले येतेत?"

"पण येऊन राह्यले का?"

दवाखाना उघडून तीन महिने झाले होते. आत आलेल्यांत एक औषध कंपनीचा माणूस होता आणि दोघं पोस्टाचा पत्ता विचारत होते. डॉक्टर चांगला शिकलेला होता, हाताला गुण होता, पण तो याच गावात लहानाचा मोठा झाला होता, आणि हीच त्याची चूक होती. शेजारची गोजरबाई तर तोंडावरच म्हणाली होती, "ज्याचं नाक आपण पदरानं पुसलं, त्याच्याकडून सुई टोचून घ्याची काय वं?"

"दसऱ्यापर्यंत पाहतो," राजकुमार बापाला म्हणाला. "नाई त जालन्याच्या दवाखान्यात नोकरी हायच."

बाप पुंजाजी "हाव" म्हणाला. एकुलता एक पोरगा जालन्याला गेला की सणावारालाच दिसणार, हे तानाबाईला कळत होतं. त्या दिवसापासून तिची भाकरी तव्यावर करपायला लागली.

मग राजकुमार दोन दिवस मित्राच्या लग्नाला गेला, आणि तानाबाईने पोळ्याचे उरलेले रंगाचे डबे उघडले.

आळीतल्या बैलांची शिंगं रंगवायचं काम गेली तीस वर्षं तिच्याकडेच होतं. बैल मान हलवतो, शेपटी मारतो, रंगाच्या डब्यात पाय देतो. बाक यातलं काहीच करत नव्हता. इतकं शहाणं जनावर तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं.

बाकाला सहा पाय होते. एका पायात तिने काळा पॉलिशचा बूट रंगवला. दुसऱ्यात कोल्हापुरी, तिसऱ्यात निळ्या पट्ट्याची हवाई चप्पल, चौथ्यात चिखलाने भरलेला गमबूट. पाचव्याला पैंजण आणि जोडवी. सहाव्यापर्यंत येताना तिला चप्पलच सुचेना, म्हणून तो तिने अनवाणी ठेवला आणि त्याला पांढरी पट्टी बांधली. बिचाऱ्याला काटा लागला असेल.

एका खुर्चीच्या पाठीवर मोर उतरला, पिसारा थेट हातांवर आला. दुसरीला पुंजाजीने कुरकुरत बाभळीची शिंगं करून ठोकली. तानाबाईने त्यांना बेगड लावली, पाठीवर झूल काढली आणि बसायच्या फळीखाली घुंगरांची माळ बांधली.

"ताने, डॉक्टर रागावंल," पुंजाजी म्हणाला.

"रागावू दे. राग जाईल तवा जाईल," ती म्हणाली. दोन दिवसांत तिला जालना एकदाही आठवलं नव्हतं.

बैल

डॉक्टर रागावला.

"माय! दवाखाना हाय का जत्रा?"

"तूच म्हणाला ना, हसाले येत नाईत. आता येतीन."

"अन् हे शिंगं?"

"मारत नाई ते. गरीब हाय."

दुसऱ्या खुर्च्या नव्हत्या म्हणून राजकुमारने हे प्रकरण रविवारपर्यंत खपवून घ्यायचं ठरवलं. न रंगवलेलं स्टूल मात्र त्याने आपल्या खोलीत ओढलं. "ह्याले बोट लावशीन त मी आजच गाडी धरीन," असं बजावून दार लावून घेतलं.

पहिली आली गोजरबाई. औषधाला नाही, तमाशा बघायला. आठ दिवसांपासून तिची पाठ धरली होती. चालताना ती जमिनीवर पडलेली सुई शोधत असल्यासारखी दिसायची.

"बाई बाई, बैल केला वं खुर्चीचा!" असं म्हणत तिने बूड टेकलं. खालची माळ खळ्ळकन वाजली. आपण खरोखरच एखाद्या जनावरावर बसलो अशा समजुतीने गोजरबाई किंचाळून हातभर उडाली. पाठीतून कडकन आवाज आला. आणि ती सरळ उभी राहिली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला छत दिसलं.

"गेलं!" ती ओरडली.

राजकुमार धावत बाहेर आला. "काय गेलं, मावशी?"

"दुखणं गेलं बाप्पा! बैलानं नेलं!"

"मावशी, आखडलेला स्नायू होता, झटक्यानं मोकळा झाला. आत या, तपासून घेतो."

"कायले? झालं ना." गोजरबाईने शिंगांना हात जोडले. "तू लहान हायस बाळा. तुले नाई समजाचं."

नंबर

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीपासून चपलांची रांग लागली. आपल्याकडे नंबर लावायचा म्हणजे चप्पल ठेवायची आणि आपण चहा प्यायला जायचं. एकेचाळीस जोड होते. राजकुमारला भरून आलं. त्याने नवा कोट घातला, दार उघडलं आणि हाक दिली.

"कोण हाय पहिलं?"

"आम्ही बैलाले हाओत."

"आमचं मोराचं हाय. डोकं दुखते."

"मोराले डोकं कोणी सांगतलं बे? मोर झोपीसाठी हाय. डोकं बैलाकडे."

"अन् बाक?"

"पायासाठी. जिथं दुखते त्या पायावर बसाचं. पट्टीवाला सगळ्यात कडक हाय."

"अन् आत कोण हाय?"

"आत कोणी नाई. डॉक्टर हाय."

प्रत्येकजण घटकाभर बसायचा, आळीपाळीने, अगदी शिस्तीत. राजकुमार मधून मधून डोकं बाहेर काढायचा. "आत येता का?" लोक मायेने म्हणायचे, "नको, आमचं बसणं झालं. तू चहा घे."

आणि गंमत अशी की लोकांना बरं वाटत होतं. भांडून आलेली नवरा-बायको बाकावर बसून कोणता बूट कोणत्या साहेबाचा यावर हसत घरी जायची. पण हसून काय बरं होतं आणि काय होत नाही, याचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

पाटी

राजकुमारने भिंतीवर पाटी लावली: *खुर्च्या हे औषध नाही.*

तिचा अर्थ गावाने असा लावला:

"औषध नाई म्हणजे पथ्य नाई."

"औषध नाई म्हणजे कडूही नाई."

"पाहा, डॉक्टरनं सोता लिहून देल्लं."

शुक्रवारी वडनेर भोलजीहून एक आख्खी जीप आली. शनिवारी कोणीतरी बैलाच्या शिंगांना कुंकू लावलं आणि समोर नारळ फोडला. त्या दिवसापासून तानाबाईच्या घरात रोज खोबऱ्याची चटणी होऊ लागली.

"ताने," पुंजाजी चटणी चाटत म्हणाला, "माह्या आज्यानं देव घरातून काढले. बापानं नवस सोडले. अन् तू पोळ्याच्या उरल्या रंगात नवा देव उभा केला. तेही दवाखान्यात!"

"मी कुठं केला? म्या खुर्ची केली. देव लोकाईनं केला."

"चटणी भारी झाली पण."

पट्टीवाला पाय

हिंमतराव हे गावातले मोठे शेतकरी. साठ एकर जमीन, पांढरी मिशी, आणि कोणाचं ऐकायची सवय नाही. ते सलग चार दिवस बाकाच्या पट्टीवाल्या पायावर बसत होते. पाचव्या दिवशी राजकुमार बाजूने गेला आणि त्याला वास आला. त्याने खाली वाकून हिंमतरावांच्या पायाचं फडकं सोडलं. अंगठ्याजवळ जखम होती, कडा काळवंडलेल्या.

"काका, साखर तपासली का कधी?"

"चहात पाहतो ना."

"रक्तातली! काका, आत चला. पाय जाईल तुमचा."

"फरक पडून राह्यला," हिंमतराव शांतपणे म्हणाले. "पयल्या दिवशी ठणकत होता. आता त काहीच समजत नाई."

"तेच वाईट हाय ना!"

"राजू, आवाज खाली. बाकावर बसेल हाओत आम्ही."

राजकुमार घरी आला तो बॅग भरायलाच. तानाबाई चुलीपुढे होती.

"खुश हायस ना, माय? चालव तुहा दवाखाना. तुह्या बाकाखाली एका माणसाचा पाय सडून राह्यला अन् मी त्याले हात लावू शकत नाई. चारची गाडी हाय मले."

तानाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. पाय खोटा रंगवला होता, सुचत नव्हतं म्हणून. आणि त्याच्या भरवशावर खरा पाय जाणार होता. आणि पोरगाही.

ती उठली. दवाखान्याची दुसरी किल्ली तिच्या कमरेला होती.

कोंबडी

तीन वाजता तिने बाहेर येऊन बाकावरच्या माणसांना सांगितलं, "मोर, बैल अन् बाक, हे सारे लहान हायत. खरी ताकद आत हाय."

"आत कोण हाय?"

"खुडूक कोंबडी."

सगळ्यांच्या माना फिरल्या. उघड्या दारातून आतलं स्टूल ओल्या रंगात चमकत होतं. चारी पाय पिवळे, नख्यांसकट. गोल फळीवर गवताचं घरटं, कडेने पिसं फुगवलेली, आणि मधोमध सात अंडी.

"पण नेम कडक हाय तिचे," तानाबाई म्हणाली. "खुडूक बसली की कोंबडी कशी हलत नाई? तसं बसाचं. बाही वर. जीभ बाहेर. डॉक्टर जे इचारंल ते खरं सांगाचं. सुई टोचली त उठाचं नाई, अंडी फुटतेत. अन् तो जितके दिवस जे देईल ते तितके दिवस घ्याचं. मधात सोडलं त पिल्लं निघत नाईत."

"अन् डॉक्टर कायले लागते?"

"अंडी उबवाले दोघं लागतेत का नाई? एक बसाले, एक पाहाले."

हे सगळ्यांना एकदम पटलं. पुंजाजी दारात उभा राहून ऐकत होता. तिला बाजूला घेऊन तो पुटपुटला, "ताने, नवस सोडले आपण."

"नवस नाईत हे. नेम हायत. मेहकरच्या मोठ्या डॉक्टरच्या भिंतीवर लिहेल हायत, पाहून ये. म्या फक्त कोंबडी घातली."

पावणेचारला राजकुमार आला. बॅग खांद्यावर, स्टेथोस्कोप न्यायचं राहिलं होतं. आपल्या खोलीच्या दारापाशी येऊन तो उंबऱ्यातच थांबला. स्टुलावर हिंमतराव बसले होते. पाठ ताठ, बाही खांद्यापर्यंत, पाय पुढे, आणि पांढऱ्या मिशीखालून लाल जीभ बाहेर. रंग ओला असल्याने धोतर पिवळं व्हायला लागलं होतं. मागे ओट्यापर्यंत रांग. रांगेत सगळ्यांच्या बाह्या वर.

हिंमतरावांनी जीभ अंमळ आत घेतली. "लवकर कर बाप्पा. अंडी थंडी होऊन राह्यली."

राजकुमारने बाहेर पाहिलं. तानाबाई बाकाच्या गमबुटावरचा चिखल पदराने पुसत होती, रंगवलेला. तिने वर बघितलं नाही.

चारच्या गाडीचा हॉर्न वाजला. राजकुमारने बॅग टेबलाखाली सरकवली आणि हिंमतरावांचं बोट धरलं. "काका, टोचतो आता."

"टोच. म्या नाई हालत."

पुन्हा मोर

हिंमतरावांचा पाय वाचला. गोळ्या, रोजची मलमपट्टी आणि गोडाला बंदी, सगळं त्यांनी पाळलं. श्रेय कोंबडीला दिलं आणि दवाखान्यात दर सोमवारी डझनभर अंडी पाठवायला सुरुवात केली. चटणी खाऊन कंटाळलेल्या पुंजाजीला हा बदल मानवला. दसरा गेला, दिवाळी गेली. जालन्याच्या नोकरीचं पत्र कपाटात खालच्या कप्प्यात गेलं.

माघात तानाबाईला ताप आला. एक दिवस, दोन दिवस, तीन. चौथ्या दिवशी ती दवाखान्यात आली आणि पदर डोक्यावरून घेऊन मोराच्या खुर्चीत बसली. दुपारी रांग संपल्यावर राजकुमार बाहेर आला.

"माय, आत चल. तपासतो."

"बसू दे जराकसं. इथं बरं वाटून राह्यलं."

"माय! तो मोर तू रंगवला!"

"म्हणूनच. काय काय घातलं त्याच्यात ते मले माहीत हाय. तुह्या गोळीत काय हाय, ते मले काय माहीत?"

"अंगात एकशे दोन ताप असंल तुह्या. एक सुई घे, संध्याकाळी ठणठणीत होशीन."

तानाबाईने मान फिरवली आणि मोराच्या गळ्यावरून हात फिरवला. "ज्याचं नाक म्या पुसलं," ती म्हणाली, "त्याच्याकडून सुई टोचून घेऊ काय?"

राजकुमार आत गेला, स्टूल उचलून बाहेर आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

तानाबाईने कोंबडीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. कोणी बघत नव्हतं. ती मोरावरून उठली, घरट्यात नीट टेकली, एक बाही वर सारली आणि डोळे मिटून जीभ बाहेर काढली.